केंटमधली टाचणी

१

बिर्केट मास्तरांच्या टेबलाच्या खणात एक पत्र पाच वर्षं उत्तराविना पडून होतं. दूर दक्षिणेत, केंटमधल्या एका कोळसाखाणीच्या गावातून आयरीन केल्डरिग नावाच्या बाईंनी ते लिहिलं होतं. 'आडनावांच्या मासिकातला तुमचा लेख आमच्या लायब्ररीत वाचला. केल्डरिग हे आडनाव उत्तरेकडच्या तुमच्या एका खोऱ्यात जन्मलं, असं तुम्ही म्हणता. आम्हा केंटमधल्या चार घरांना मात्र तळटीपेत योगायोग म्हटलंय. माझे सासरे खाणीत कामाला आले ते कुठून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही खरंच योगायोग आहोत का?'

मास्तर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. एकटेच राहायचे. वर्गासमोर उभं राहायलाही त्यांना जन्मभर धडकी भरायची. पुस्तकांशी मात्र छान जमायचं. केंडलच्या लायब्ररीत बसून त्यांनी देशभरच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळल्या होत्या. स्मिथ पानंच्या पानं भरून, आणि केल्डरिग सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून जेमतेम सत्तर. घरच्या भिंतीवरच्या नकाशात जिवंत केल्डरिगांसाठी लाल टाचण्या होत्या आणि जुन्या दफनांच्या नोंदींमधल्यांसाठी काळ्या. काळ्यांचं मोहोळ हार्टर खोऱ्यात लागलेलं. लाल टाचण्या तिथून बाहेर पांगलेल्या. आधी केंडल, मग बॅरो, मग लँकेस्टर, पाण्यात दगड पडल्यावर तरंग विरळ होत जावेत तशा. आणि नकाशाच्या पार खालच्या कोपऱ्यात चार लाल टाचण्या, आजूबाजूला एकही काळी नसलेल्या. जणू कुणी वाटेत सांडल्या असाव्यात.

उत्तर लिहायला ते कितीदा तरी बसले. दर खेपेला कागदावर 'बहुधा' वाढत गेले आणि अखेर कागद खणात गेला.

अनोळखी माणसांचं तर त्यांना भयच. सप्टेंबरात एक मुलगी हातात पिशवी घेऊन फाटकाशी उभी होती. अंगात ढगळ कोट. काहीतरी विकायला आली असेल म्हणून मास्तर पडद्याआड श्वास रोखून उभे राहिले. ती गेली तेव्हा कुठे त्यांनी चहा ओतून घेतला.

नोव्हेंबर लागला आणि एका बुधवारी सकाळी चॅपलच्या कपाटातलं केल्डरिगांचं जुनं भांडं नाहीसं झालं.

चॅपल आणि त्यामागची घरं सांभाळणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष जेराल्ड ऑलनबी मास्तरांच्या दारात उभे होते. धंद्याने लिलाववाले, माणसाकडेही बोली लावल्यासारखे बघायचे.

"कपाट फोडलेलं नाही, मास्तर. किल्लीनं उघडलंय," ते म्हणाले. "आणि किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात. दुसरी हेस्टरकडे."

२

चॅपलच्या मागे सहा दगडी घरांची ओळ आहे. लोक त्यांना 'नावाची घरं' म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी लोकरीच्या धंद्यात वर आलेल्या एका केल्डरिगाने ती बांधली; आपल्या नावाच्या म्हाताऱ्यांनी तिथे फुकट राहावं म्हणून. आता पाच रिकामी होती आणि सहाव्यात हेस्टर केल्डरिग, वय ऐंशी. मास्तरांच्या नकाशावर हार्टर खोऱ्यातली उरलेली एकुलती एक लाल टाचणी.

बांधणाऱ्याने अटी घालून ठेवल्या होत्या. चाळीस वर्षांत नावाचं एकही मूल खोऱ्यात जन्मलं नाही, तर घरं विकावीत. शेवटचं मूल शेहेचाळीस साली जन्मलं होतं. येत्या मार्टिनमसला, म्हणजे अकरा नोव्हेंबरच्या सणाला, चाळीस वर्षं भरत होती. तरीही राहत्या माणसाला मरेपर्यंत हलवता येत नव्हतं. त्याने चोरी केली किंवा परक्याला रात्री घरात ठेवलं तरच.

"शहरातले लोक सुट्टीसाठी घरं घ्यायला रांग लावून उभे आहेत," ऑलनबी म्हणाले होते. "शनिवारी सभा आहे. भांडं परत आलं नाही तर म्हातारी बाहेर. तुम्ही फक्त लिहून द्या, की खोऱ्यातलं नाव संपलं. नकाशा तुमचाच आहे."

गुरुवारी मास्तर हेस्टरच्या दाराशी जाऊन उभे राहिले. कडी वाजवायच्या आतच दार उघडलं.

"ये. खिडकीतून बघतेय मी. दार वाजवायला तुला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस कपडे धुऊन वाळत घालील."

"हेस्टर, भांडं तुम्ही घेतलंत का?"

"पोलिसात कधी लागलास, लँबर्ट?"

"तुमचं घर जाईल हो."

"ऑलनबीला सांग, सामान बाहेर काढायचं तर आधी मला उचलावं लागेल. आणि मी काही हलकी नाही."

"मग नाही घेतलं असं तरी म्हणा."

"चॅपलच्या बाकावर बसून वाढलेय मी. खोटं बोलणार नाही. आणि खरं सांगणार नाही. आता बस तुझ्या पुस्तकी डोक्यानं उकल करत."

मास्तर खाली मान घालून वळले. दर गुरुवारी ते तिच्या चुलीपाशी कोळशाची बादली भरून ठेवत. सवयीने त्यांचा हात बादलीकडे गेला.

"ठेव ती," हेस्टर कडाडली. "कोळसा माझा मी आणेन."

इतकी वर्षं तिने कधी असं केलं नव्हतं. ओशाळून ते बाहेर पडले. मागे दार लागलं आणि आतून, हेस्टरच्या खोकल्यासारखा नसलेला एक खोकला ऐकू आला.

३

'काळा मेंढा' नावाच्या पबमध्ये जॉस पोस्टलथ्वेट ग्लास पुसत होता. त्याचा पारा चढलेला होता. गावातल्या सगळ्याच पुरुषांचा चढलेला होता.

"आपल्या आज्यापणज्यांचं भांडं, मास्तर. ज्यानं नेलं त्याला मेंढ्या धुवायच्या डोहात बुडवायला पाहिजे."

"कपाटात चांदीचा पेलाही होता ना?"

"होता काय, आहे. त्याला हातसुद्धा लावला नाही. नेलं काय, तर तडा गेलेलं चिनी मातीचं भांडं. चोर असा बावळट असतो का कुठं?"

मास्तरांनी लिंबूपाण्याचा घोट घेतला. "जॉस, हेस्टर या आठवड्यात इकडे आली होती का हो?"

जॉसने इकडेतिकडे बघितलं आणि पुढे वाकला. "तुम्हाला म्हणून सांगतो. मंगळवारी मागच्या दारानं आली. रम मागितली."

"हेस्टरनं?"

"अहो, तिच्या बापानं याच दारासमोर उभं राहून दारूविरुद्ध भजनं म्हटलीत. मी विचारलं, कशाला पाहिजे? म्हणाली, खोकल्यावर. मी म्हटलं, खोकून दाखवा बघू."

"मग?"

"तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मलाच ठसका लागला. दिली पाव बाटली. पण मास्तर, बाई या वयात प्यायला लागली असेल, तर भांडं विकून पैसे..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं.

 ऑलनबीच्या हाती हे पडलं तर हेस्टरचं घर शनिवारपर्यंतही टिकणार नव्हतं.

४

दुकानदारीण नॉरा टायसन मात्र गुणगुणत होती. दुकानात आणखी दोघी बायका होत्या. मास्तर आत येताच त्या गप्प झाल्या आणि एकमेकींकडे न बघता निघून गेल्या.

"भांडं गेल्याचं फार वाईट वाटत असेल नाही?" मास्तरांनी विचारलं.

"फार," नॉरा म्हणाली आणि हसऱ्या चेहऱ्याने चीज कापत राहिली.

"थोडी काळी साखर द्या."

"संपली. हेस्टरनं सगळी नेली. साखर, लोणी, जायफळ."

"तिला तर डॉक्टरनी साखर बंद केलीय."

"हो ना." नॉराने सुरी खाली ठेवली. "मास्तर, एक विचारू? तुम्ही एवढे शिकलेले. हल्लीच्या गड्यांना झालंय तरी काय? भांडं दिसेनासं झालं, की पूर्वी खोऱ्यातला प्रत्येक गडी घरंच्या घरं उलथीपालथी करायचा. आता पोलिसांना फोन करतात आणि पबमध्ये जाऊन बसतात."

"पूर्वी म्हणजे, बाळंतपणात?"

"माझ्या वेळी आईनं आमच्या घरचं भांडं घड्याळाच्या पेटीत लपवलं होतं. आम्हा टायसनांच्यात घड्याळच. प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली."

"आणि केल्डरिगांची?"

"ती केल्डरिगांच्या बायका जाणोत. बाकीच्यांना सांगत नाहीत, मलाही नाही. चीज देऊ का थोडं?"

चीजचा पुडा हातात घेऊन मास्तर रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून ट्रॅक्टरवाल्याने दोनदा भोंगा वाजवला तरी त्यांना कळलं नाही.

५

घरी येऊन ते नकाशासमोर बसले.

चोराने चांदी सोडली आणि तडा गेलेलं भांडं नेलं. म्हणजे त्याला किंमत नको होती, भांडंच हवं होतं. ते भांडं कशासाठी आहे? एकाच गोष्टीसाठी. खोऱ्यात केल्डरिगांच्या घरी मूल जन्मलं, की बायका लोणी, काळी साखर, जायफळ आणि रम एकत्र घोटून त्यात भरतात. बाळाच्या जिभेला पहिलं बोट त्याचं. मग भांडं लपवायचं आणि पुरुषांनी शोधून काढायचं. त्यांना ते सापडेपर्यंत किंवा ते हार मानेपर्यंत कुठल्याही बाईने बाळाविषयी अवाक्षर काढायचं नाही. सापडलं, की सगळ्यांनी खायचं आणि रिकाम्या चिकट भांड्यात नाणी टाकायची. नाणं तळाला चिकटलं तर पोराला कधी उणं पडत नाही.

पुरुष हे सगळं विसरले होते. चाळीस वर्षांत केल्डरिगांच्या घरी पाळणाच हलला नव्हता, म्हणून भांडं जागेवर नाही म्हणजे चोरी, एवढंच त्यांना सुचलं. बायका विसरल्या नव्हत्या. म्हणूनच त्यांना वाईट वाटत नव्हतं.

पण मूल कुणाचं? खोऱ्यात एकच लाल टाचणी, आणि ती ऐंशी वर्षांची.

मास्तरांची नजर नकाशावरून घसरत खाली, केंटच्या कोपऱ्यात गेली. त्या चार टाचण्या. फाटकाशी उभी राहिलेली मुलगी. ढगळ कोट. ती विकायला आली नव्हती. विचारायला आली होती, आणि पत्राचं उत्तर न देणाऱ्या माणसाने तिला दारही उघडलं नव्हतं. दार उघडलं होतं चॅपलमागच्या घरातल्या हेस्टरने, नियम धाब्यावर बसवून.

हेस्टर तोंड का उघडत नव्हती, तेही आता उमगलं. भांड्याचं सांगावं तर मुलीचं सांगावं लागणार. आणि मुलीचं सांगावं तर परक्याला घरात ठेवल्याबद्दल घर जाणार. चोरीतून सुटावं, तर पाहुणीत सापडावं.

मग त्यांना ती बादली आठवली.

६

शुक्रवारी दुपारी मास्तरांनी हेस्टरचं दार वाजवलं. या वेळी त्यांना वेळ लागला नाही.

"बादली द्या. कोळसा आणतो."

हेस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. "ठेव म्हटलं होतं ना मी?"

"म्हणूनच आणतो."

 ती दारातून बाजूला झाली.

परसातल्या कोळशाच्या खोलीत मास्तर गुडघ्यांवर बसले आणि बाह्या न सरसावताच ढीग उपसायला लागले. ढिगाच्या मागे, भिंतीला टेकून गोणपाटाचं एक गाठोडं होतं. आत निळ्या वेलबुट्टीचं तडकलेलं भांडं, काठोकाठ भरलेलं. रमचा वास नाकात शिरला. एका हातात ते आणि दुसऱ्या हातात भरलेली बादली घेऊन ते घरात आले. कोट काळाकुट्ट झाला होता.

हेस्टर खुर्चीत बसून हसत होती. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत होती. "माझ्या उभ्या जन्मात कोळशात हात घालणारा पहिला गडी. एरवी सगळे हरायचे आणि भांडं आम्हीच काढून आणायचो. आणि तोही कोण, तर लँबर्ट बिर्केट. माहितेय का, आमच्यात कोळशातच का लपवतात ते?"

"का?"

उत्तर आतल्या खोलीतून आलं, दक्षिणेकडच्या हेलात. "कारण पुरुष तिथं बघतच नाही. बघितलं, तर येताना बादली भरून आणावी लागते."

दारात ती मुलगी उभी होती, खांद्यावर बाळ घेऊन. "मी मॅक्सीन केल्डरिग. पडद्यामागून पाहिलंय तुम्ही मला. तुमचे बूट दिसत होते खालून."

मास्तरांचे कान तापले. पण प्रश्न त्याहून मोठा होता. "हे तुम्हाला हेस्टरनं शिकवलं?"

"मी कशाला शिकवते," हेस्टर म्हणाली. "मंगळवारी पोर जन्मलं, दाई गेली, मी रात्रीतून लोणी घोटलं. कुठं लपवायचं हे बोलायच्या आत हीच म्हणते, कोळशात ना?"

"आमच्या घरी तिथंच," मॅक्सीन म्हणाली. "आजीला तिच्या सासूनं दाखवलं. खाणीवर सगळीकडची माणसं, वेल्सची, स्कॉटलंडची. पण असं खूळ आमच्याशिवाय कुणाच्याच घरी नव्हतं. शेजारच्या बायका हसायच्या. आता हसायलाही कुणी उरलं नाही, खाण बंद झाली. घरं रिकामी व्हायला लागली तेव्हा आजी म्हणाली, तो माणूस उत्तर देत नाही ना, मग तू जाऊन विचार आम्ही कुठले."

मास्तर भांड्याकडे बघत राहिले. टायसनांचं घड्याळ. केल्डरिगांचा कोळसा. नॉरालासुद्धा जी जागा ठाऊक नव्हती, ती तीनशे मैलांवरच्या एका सासूला ठाऊक होती.

"उद्या सभेला बाळाला घेऊन याल?" त्यांनी विचारलं. "आणि हेस्टर, भांडं मी नेतो. सापडलंय मला."

"ऑलनबीसमोर बोलायला उभा राहशील तू? लेका, तुला तर शाळेतली प्रार्थना सांगतानासुद्धा घाम फुटायचा."

"आताही फुटलाय," मास्तर म्हणाले.

७

शनिवारी चॅपल भरलं होतं. ऑलनबी चोरीचं प्रकरण वाचून दाखवत असताना मास्तर मधल्या वाटेने पुढे गेले आणि भांडं टेबलावर ठेवलं. जॉसने जागेवरूनच नाक वर केलं. "माझी रम आहे ती."

"म्हणजे चोरी कबूल," ऑलनबी म्हणाले.

"चोरी नाही. भांडं चॅपलचं नाही. घरात मूल आलं, की नावाच्या बायकांनी ते काढून न्यायचं, हीच रीत आहे. आणि मूल आलंय."

मागचं दार उघडून हेस्टर आणि मॅक्सीन आत आल्या. बायकांच्या बाजूने हुश्श झालं. पुरुषांच्या बाजूला तोंडं नुसतीच उघडी.

ऑलनबींना सावरायला वेळ लागला नाही. "कुठली ही मुलगी?"

"केंटची," मॅक्सीन म्हणाली. "केल्डरिग."

"म्हणजे परकी. आणि रात्री घरात ठेवलेली. हेस्टर, घर गेलं तुमचं. नाव सारखं आहे एवढंच." त्यांनी बॅगेतून मासिक काढलं. "आणि हे मी म्हणत नाही. मास्तरांच्या लेखातली तळटीप आहे. केंटमधली घरं हा योगायोग असावा. मास्तर, तुम्हीच लिहिलंत ना?"

मास्तरांनी टेबलाची कड धरली. सगळं खोरं त्यांच्याकडे बघत होतं.

"मीच लिहिलं. ती तळटीप चूक आहे."

"असं कसं? तेव्हा खरी, आज चूक?"

"तेव्हाही चूकच. माझ्यात धीर नव्हता. स्मिथ हजार ठिकाणी उगवले, कारण लोहार गावोगाव होते. पण केल्डरिग नावाचा डोंगर देशात एकच आहे, आपल्या डोक्यावरचा. इतकं विरळ नाव दोनदा उगवत नाही. तरीही मी संशय धरून बसलो, कारण मधली वाट दिसत नव्हती. ती वाट काल सापडली." त्यांनी आपला कोळशाने माखलेला कोट उचलून दाखवला. "घरात मूल आलं, की हे भांडं कुठं लपवायचं, हे केल्डरिगांच्या बायका लेकीसुनांना सोडून कुणाला सांगत नाहीत. नॉरा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही," नॉरा म्हणाली. "दोनदा विचारून बघितलं होतं."

"हिला ठाऊक होतं. केंटमध्ये, हिच्या आजीच्या सासूपासून. सासऱ्यानं गाव सांगितलं नाही, पण त्याच्या बायकोनं लोण्याचं भांडं कोळशात लपवलं. ही परकी नाही. घरं नावासाठी आहेत, आणि नाव घरी आलंय. पोरगं मंगळवारी नावाच्या घरात जन्मलं. मार्टिनमस पुढच्या मंगळवारी आहे."

ऑलनबींनी शेवटचा डाव टाकला. "लग्न झालंय का हिचं?"

"नाही," मॅक्सीन म्हणाली. "झालं असतं तर पोराला दुसरंच नाव लागलं असतं आणि तुमचं काम झालं असतं."

"चाळीस वर्षं आमच्या मुली लग्नं करून नाव देऊन टाकत राहिल्या," हेस्टर म्हणाली. "त्यांना तुम्ही फुलं दिलीत. हिनं नाव ठेवलं, तर तोंड वाकडं करता? अटींच्या कागदात लग्नाचा शब्द कुठं आहे ते दाखवा, ऑलनबी. मी थांबते. मला घाई नाही, माझं घर इथंच मागे आहे."

ऑलनबींनी कागद उलटला. पुन्हा सुलटा केला. मग इतर दोन विश्वस्तांकडे बघितलं. ते भांड्याकडे बघत होते.

जॉस उठला, बोटाने लोणी चाटलं आणि खिसा चाचपडायला लागला. "आधी संपवायला पाहिजे हे," तो म्हणाला. "नाणं चिकटायचं तर तळ दिसायला हवा. या रे, सगळे या. शोधायला नाही आलात, खायला तरी या."

८

त्या संध्याकाळी मास्तरांनी नकाशावर हार्टर खोऱ्यात दोन लाल टाचण्या टोचल्या, एक मॅक्सीनची आणि तिच्या शेजारी दुसरी बाळाची, अगदी खेटून. केंटमधल्या चारांना हात लावला नाही. त्या पहिल्यापासून बरोबर जागीच होत्या.

मग खणातून पत्र काढलं. पहिला कागद 'बहुधा'पाशी फाडला. दुसऱ्यावर लिहिलं:

'सौ. आयरीन केल्डरिग यांस. तुमची नात आणि पणतू सुखरूप आहेत. बाळाच्या भांड्याला पाच नाणी चिकटली. त्यातलं एक माझं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुम्ही योगायोग नाही. तुम्ही इथल्या. कधी येता ते कळवा. स्टेशनवर मी येईन.'

शेवटचं वाक्य वाचून त्यांना घाम फुटला. खोडावं असं वाटून त्यांनी पेन उचललं, आणि टोपण लावून ठेवलं.

चॅपलच्या भिंतीत लाल पेटी आहे. तिथवर जायला हेस्टरच्या खिडकीखालून जावं लागतं. खिडकी उघडलीच.

"टाकतोयस की परत घरी नेतोयस?"

मास्तरांनी हात पेटीत कोपरापर्यंत घातला, पत्र आपटल्याचा आवाज ऐकला आणि मगच रिकामा हात वर करून तिला दाखवला.